घड्याळाची मोड

'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आमच्याकडे पाळण्यापासून कानावर पडते. म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काळी कसदार जमीन असते, दिवाळीच्या सुमारास बोंडांतून डोकावणारा पांढरा कापूस असतो. मला मात्र या म्हणीतली खुबी निराळीच वाटत आली आहे. सोन्याच्या कुऱ्हाडीने लाकूड तुटत नाही, हे उघडच आहे. पण अडल्या वेळी ती सराफाच्या तराजूत टाकता येते. लोखंडी कुऱ्हाडीने लाकूड तुटते. तिची मोड मात्र भंगाराच्या भावाने. थोडक्यात, संसारातल्या वस्तू दोन जातींच्या: काही कामाच्या आणि काही मोडीच्या. आपल्या आज्या-पणज्यांना हा भेद पक्का ठाऊक होता, आणि कोणती वस्तू घ्यायची हे त्या त्यावरूनच ठरवीत.

पण एक तिसरी जात आहे. ती काम थोडे करते, मोड त्याहून थोडी देते, आणि तरीही तिच्या किमतीपुढे पहिल्या दोन्ही जाती लाजतात. उंची मनगटी घड्याळ हा त्या जातीचा राजा. 'घड्याळ ही गुंतवणूक आहे' असे वाक्य हल्ली जाहिरातींत आणि सुशिक्षितांच्या बैठकींतही ऐकू येते. या वाक्याचा हिशेब वऱ्हाडच्या इतिहासाच्या वहीत मांडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी 'मोड' हा शब्द नीट पाहू. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या सराफ्यात तुम्ही पाटल्या करायला टाकल्या, तर त्यांच्या किमतीचे दोन भाग होतात: एक सोन्याच्या वजनाचा, दुसरा घडणावळीचा. पुढे त्याच पाटल्या मोडायला नेल्या, की घडणावळ बुडते, थोडी घट धरली जाते आणि वजनाचे पैसे त्या दिवसाच्या भावाने हातात पडतात. अक्षरशत्रू बाईलाही हे गणित येते. म्हणूनच कलाकुसरीचा दागिना हौसेने पाहूनही ती शेवटी ठोक पाटलीच घेते. आता घड्याळाला हेच माप लावा. पोलाद, काच, चार पितळी चाके आणि तांबडे खडे यांचे वजन करून काय येणार? घड्याळाची जवळजवळ सगळी किंमत ही घडणावळच असते. आणि घडणावळ बुडते, हा सराफ्याचा सनातन नियम आहे.

वऱ्हाडात घड्याळ येण्यापूर्वी काळ नव्हता असे नाही. तो पाण्यात बुडणाऱ्या तांब्याच्या वाटीने मोजला जाई. लग्नाच्या मांडवात घंगाळात पाणी भरायचे, बुडाला बारीक छिद्र असलेली वाटी त्यावर सोडायची. ती बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, झाली. अहोरात्रीच्या अशा ६० घटिका. हे घटिकापात्र कित्येक पिढ्या चाले. त्याला तेल लागत नसे, किल्ली लागत नसे आणि फुटलेच तर तांबटाच्या दुकानात तांब्याच्या भावाने त्याची मोड येई. कामही आणि मोडही, असे हे दुहेरी यंत्र होते. त्याची वेळ मात्र त्या त्या गावाची असे. अमरावतीचा मध्यान्ह आजच्या भारतीय प्रमाणवेळेच्या मानाने सरासरी १९ मिनिटे मागे, आणि अकोल्याचा सुमारे २२ मिनिटे. गावच्या सूर्याला ही तफावत कधी खटकली नाही.

खटकली ती आगगाडीला. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले आणि १८६७ साली मुंबईची रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. अकोला थेट रुळांवर आले. अमरावतीला बडनेऱ्याहून फाटा मिळाला. गाडी कोणाच्या मध्यान्हासाठी थांबत नाही. स्टेशनावरचे घड्याळ सांगेल तीच वेळ, मग तुमच्या अंगणातली सावली काहीही सांगो. १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली, आणि वऱ्हाडातल्या वकिलाला, मास्तरला, अडत्याला व स्टेशनमास्तरला खिशातले घड्याळ ही चैन न राहता धंद्याची गरज झाली. हे घड्याळाचे खरे काम. त्या कामाचे त्याला द्यावे तेवढे मोल थोडेच.

परंतु घड्याळ वऱ्हाडात निव्वळ कामासाठी आले नाही. ते कापसाच्या तेजीबरोबर आले, आणि तेजीत माणूस वस्तू घेताना मोडीचा विचार करीत नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद पडला, आणि इंग्लंडातल्या गिरण्यांची नजर आमच्या काळ्या मातीकडे वळली. चार वर्षे पैसा पाण्यासारखा आला. या काळात मध्य प्रांत-वऱ्हाडाकडच्या शेतकऱ्यांनी गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या आणि नांगराला चांदीचे फाळ लावले, असे उल्लेख इंग्रजी लिखाणात येतात. त्यांत अतिशयोक्ती असेलही. पण ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, उधळपट्टी करतानासुद्धा त्या शेतकऱ्याने चांदीच निवडली. धाव झिजली तरी उरलेली चांदी मोडता येणार होती!

नेमक्या याच सुमारास, १८६५ साली, फाव्र-ल्यूबा या स्विस घड्याळ-घराण्याचा फ्रिट्झ फाव्र हिंदुस्थानच्या बाजारपेठेच्या शोधात आला. १७३७ पासून घड्याळे करणारे हे घराणे. कापसाचा पैसा जिथे साठला तिथे घड्याळ खपेल, हे त्याने अचूक ताडले असले पाहिजे. पुढे त्या शतकाच्या शेवटच्या पावशतकात 'वेस्ट एन्ड वॉच कंपनी'सारख्या पेढ्या मुंबईत उभ्या राहिल्या आणि त्यांची घड्याळे रेल्वेच्या नोकरांपासून पलटणीतल्या शिपायांपर्यंत पोचली. गंमत पाहा: ज्या १८६५ साली घड्याळाचे हे घराणे इकडे वळले, त्याच साली अमेरिकेतले युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि मुंबईत शेअरांचा फुगा फुटला. कालचे सावकार एका उन्हाळ्यात दिवाळखोर झाले.

त्या पडझडीत एक नाव सर्वांत गाजले, ते प्रेमचंद रायचंद यांचे. कापसाच्या आणि शेअरांच्या तेजीचा हा बादशहा. त्यांनी मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून घड्याळाचा मनोरा उभा राहिला. १८६९ साली त्याचे काम सुरू झाले आणि १८७८ साली पुरे झाले. मातोश्रींचे नाव दिलेला तो राजाबाई टॉवर. कापसाच्या तेजीतून उभे राहिलेले आपल्या भागातले सर्वांत महाग घड्याळ ते हेच म्हणावे लागेल. त्याची मोड शून्य. कोणी विकत घेणार नाही, कोणी विकणारही नाही. पण त्याचे टोले हमालापासून न्यायमूर्तीपर्यंत सर्वांनी फुकट ऐकले. मोड नसलेल्या वस्तूवर खर्च करायचाच असेल, तर तो असा सार्वजनिक करावा, असे मला हा मनोरा पाहून नेहमी वाटते.

आता कोणी म्हणेल, घड्याळ मुळातच महाग वस्तू, त्याला इलाज काय? तर तसेही नाही. १८६७ साली जॉर्ज-फ्रेडरिक रॉसकोफ या कारागिराने कमी भागांचे, मजबूत, वीस फ्रँकांचे घड्याळ बनवले. कष्टकऱ्याला परवडावे हाच त्याचा उद्देश होता. १८९६ साली अमेरिकेत इंगरसोल कंपनीने एक डॉलरला खिशातले घड्याळ विकायला काढले. म्हणजे विसावे शतक उजाडण्याच्या आधीच वेळ सांगण्याचे काम स्वस्त झाले होते. त्यापुढे घड्याळासाठी जो जादा पैसा मोजला गेला, तो वेळेसाठी नव्हता. तो चारचौघांत मनगट पुढे करण्यासाठी होता.

आमच्याकडे हे मनगट मुख्यतः जावयाचे असे. घड्याळ, सायकल आणि पुढे रेडिओ, ही हुंड्याची त्रयी ज्यांनी पाहिली आहे त्यांना अधिक सांगायला नको. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला. पण 'हौसेने दिले' या दोन शब्दांनी तो कित्येक मांडवांत गुंडाळून ठेवला. वधूपिता सावकाराकडे जाई, शेत गहाण पडे, आणि त्या पैशातून आलेले घड्याळ जावयाच्या मनगटावर टिकटिक करी. सावकाराचे व्याज मात्र टिकटिक न करता वाढत असे. त्याच सावकाराकडे तारणासाठी सोने चाले, तांब्या-पितळेची भांडी चालत, शेत तर चालेच. घड्याळ पुढे केले तर तो हसे. ज्या वस्तूसाठी कर्ज मिळते, तीच वस्तू तारण म्हणून चालत नाही. तिच्या खऱ्या किमतीविषयी यापेक्षा स्पष्ट निवाडा कोणता हवा?

याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगे महाराज आयुष्यभर हेच सांगत फिरले. लग्नासाठी, तेराव्यासाठी, देवाच्या नावाच्या जेवणावळीसाठी ऋण काढू नका. हातावर भाकरी घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, हा त्यांच्या कीर्तनाचा गाभा. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या हाती एक फुटके गाडगे असे, त्याची मोड काहीच नव्हती. पण त्यांनी उभ्या केलेल्या धर्मशाळा आणि शाळा आजही उभ्या आहेत. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या विद्यापीठाला पुढे त्यांचे नाव दिले गेले, ते उगाच नव्हे.

स्वातंत्र्यानंतर घड्याळाच्या कथेला एक चमत्कारिक वळण लागले. परकी चलनाची टंचाई झाली, परदेशी मालाच्या आयातीवर बंधने आली, आणि स्विस घड्याळ चोरट्या वाटेने येऊ लागले. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचे १२३ वे कलम या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. चोरटा म्हणून जप्त झालेला माल चोरटा नाही, हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्याकडे तो सापडला त्याच्यावर टाकणारे हे कलम कोणत्या मालाला लागू? आधी सोने, आणि मग लगोलग घड्याळे! कायद्याने दोघांना एका पंगतीला बसवले. सरकारने दुसरीकडून स्वदेशी घड्याळाचा घाट घातला. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ साली बंगळूरला हिंदुस्थान मशीन टूल्सचा घड्याळ-कारखाना सुरू झाला, आणि 'जनता', 'पायलट' ही नावे घरोघर पोचली.

कायद्याने सोने आणि घड्याळ एका पंगतीला बसवले तरी सराफ्याने ते कधी मानले नाही. १९७२ च्या दुष्काळात वडिलांबरोबर मी अकोल्याच्या सराफ्यात गेलो होतो, त्या वेळी हा फरक मला डोळ्यांनी पाहायला मिळाला. रुमालात आईच्या दोन पाटल्या होत्या आणि आजोबांचे, कापसाच्या कुठल्याशा बऱ्या साली घेतलेले, चांदीच्या डबीचे खिशातले घड्याळ होते. निघताना आजी म्हणाली होती, ''सोन्याची मोड येते बाप्पा, घड्यायाची मोड कोन देईन?'' सराफाने पाटल्या कसाला लावल्या, तोलल्या, भाव सांगितला; दोन मिनिटांचे काम. मग त्याने घड्याळ उघडले, नखाने आतले यंत्र अलगद सोडवले, बाजूला ठेवले आणि नुसती डबी तराजूत टाकली. ''भाऊ, मशिनीचं काही येत नाही. चांदीचे तेवढे घ्या,'' तो म्हणाला. जेमतेम वीस-बावीस रुपये झाले. यंत्र त्याने कागदाच्या पुडीत बांधून परत दिले. वडील काही बोलले नाहीत. पुडी खिशात घालून ते बियाण्याच्या दुकानाकडे वळले.

त्या सराफावर मी कधी रागावलो नाही. तो आपल्या तराजूशी प्रामाणिक होता. जगभर असेच झाले आहे. सोन्याचा भाव चढला, की जुन्या घड्याळांच्या सोन्याच्या डब्या मुशीत गेल्या आणि आतली यंत्रे अनाथ झाली. घडणावळीची मोड देणारा बाजार असावा लागतो, तिथे रोजचा भाव असावा लागतो, आणि भाव पाळणारा माणूस असावा लागतो. वऱ्हाडाला हे कापसाने शिकवले आहे. कारंज्याचा कापूस-बाजार १८८६ सालीच नियमांखाली आला, आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. नियमबद्ध बाजाराच्या बाबतीत आम्ही साऱ्या देशाच्या पुढे होतो. सोन्याचा भाव रोज सकाळी कळतो, कापसाचा दुपारपर्यंत कळतो. घड्याळाचा भाव मात्र घेणाऱ्याच्या तोंडावर अवलंबून.

घड्याळाचे आणखी एक दुखणे म्हणजे त्याचे तेलपाणी. किल्लीच्या जुन्या पद्धतीच्या घड्याळात आतले तोलचक्र सेकंदाला पाच ठोके घेते. तासाला १८,०००, दिवसाला ४,३२,०००, आणि वर्षाला पावणेसोळा कोटींहून अधिक! इतकी धावपळ करणाऱ्या यंत्रातले तेल काही वर्षांत सुकते, आसे झिजतात, आणि ते सगळे सुटे करून, धुऊन, पुन्हा जुळवावे लागते. गल्लीतला घड्याळजी हे काम पूर्वी थोडक्यात करी. उंची घड्याळ मात्र कंपनीच्या अधिकृत कारागिराकडेच जावे लागते, नाही तर त्याची मोड आणखी उतरते. सोन्याच्या पाटलीला तेल लागत नाही.

बरे, एवढे करून हे घड्याळ वेळ तरी अधिक चोख सांगते काय? तेही नाही. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने गारेच्या स्फटिकावर चालणारे पहिले मनगटी घड्याळ बाजारात आणले. तेव्हा त्याची किंमत ४,५०,००० येन, म्हणजे राजेशाहीच होती. पण काही वर्षांतच तसली घड्याळे कवडीमोलाने मिळू लागली. आज बाजारपेठेतल्या फुटपाथवरचे क्वार्ट्झ घड्याळ महिन्यात पंधरा-वीस सेकंद इकडेतिकडे होते. आणि स्वित्झर्लंडात कसोटीला उतरून 'क्रोनोमीटर' ठरलेले यांत्रिक घड्याळ रोज उणे चार ते अधिक सहा सेकंद चुकले तरी चालते. म्हणजे दहा लाखांचे घड्याळ शंभर रुपयांच्या घड्याळापेक्षा वेळेला कच्चे! १९६९ नंतर उंची घड्याळाच्या किमतीचा वेळेशी उरलासुरला संबंधही तुटला.

आता आजच्या काळातला हिशेब करू. समजा, एका गृहस्थाने दहा लाखांचे घड्याळ घेतले. यात शेकडा १८ प्रमाणे वस्तू व सेवा कर आहे. म्हणजे सुमारे १,५२,५०० रुपये दुकानाचा उंबरठा ओलांडतानाच कायमचे गेले. सोन्यावर हाच कर शेकडा ३ आहे. समजा, दहा वर्षांनी मोडीला सहा लाख आले. हा आकडा मी उदार मनाने धरला आहे. मधल्या काळात एकदा तेलपाण्याचे चाळीस हजार आणि विम्याचे दरसाल दहा हजार, म्हणजे दहा वर्षांचे एक लाख, वजा करा. हाती उरले चार लाख साठ हजार. तेच दहा लाख द.सा.द.शे. ७ चक्रवाढ व्याजाने ठेवले असते, तर दहा वर्षांत १९,६७,००० झाले असते. दोहोंतला फरक पंधरा लाखांच्या वर. ही त्या घड्याळाची खरी किंमत. दिवसाला भागून पाहा: रोजचे सुमारे ४१३ रुपये पडतात.

२०२५-२६ सालासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी रोज ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे आमच्या या गृहस्थाने मनगटावर एक सालदार बसवला आहे. त्याला तो मजुराहून शंभर रुपये जास्त रोज देतो, आणि हा सालदार ना डवरणी करतो ना वेचणी. कापसाच्या मापाने पाहायचे तर २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. दहा लाखांसाठी १२३ क्विंटल कापूस लागतो. कोरडवाहू एकरी पाच क्विंटल धरले, तर पंचवीस एकरांचे सबंध पीक, तेही बी, खत, फवारणी, मजुरी काही न वजा करता.

'पण काही घड्याळे चढ्या भावाने विकली जातात ना?' असा प्रश्न येथे कोणी विचारील. जातात. रोलेक्स, पाटेक फिलिप अशा दोन-चार घराण्यांच्या काही ठरावीक नमुन्यांना छापील किमतीहून अधिक पैसे मिळतात, हे खरेच आहे. पण तो नमुना सामान्य गिऱ्हाइकाला छापील किमतीत दुकानात मिळतच नाही. त्याला वर्षानुवर्षे थांबावे लागते. २०२१ पासून या घड्याळांना अशीच तेजी चढली आणि २०२२ च्या आरंभी तिने शिखर गाठले. त्याच दिवसांत आमच्या बाजारात कापूसही क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता! पुढे दोन्ही उतरले. कापूस उतरल्यावर निदान त्याचे सूत होते. चढ्या भावाने घेतलेले घड्याळ उतरल्यावर मालकाजवळ फक्त वेळ पाहणे उरले. १८६५ ची पुनरावृत्तीच ही, पात्रे तेवढी बदलली. शिवाय १ ऑक्टोबर २०२५ पासून स्वित्झर्लंडादी चार देशांशी झालेला व्यापार करार अंमलात आला. त्यामुळे स्विस घड्याळांवरचे सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने उतरायचे आहे. नवे स्वस्त झाले की जुन्याची मोड आपोआप खाली येते, हे सांगायला अर्थशास्त्री नको.

जगातल्या सर्वांत भाग्यवान घड्याळाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. पाटेक फिलिपने हेन्री ग्रेव्हज या अमेरिकन धनिकासाठी १९३३ साली पुरे केलेले खिशातले घड्याळ सुमारे १५,००० डॉलरांना पडले. २०१४ साली लिलावात त्याचे २ कोटी ४० लाख डॉलर आले. ऐकून डोळे फिरतात. पण ग्रेव्हज १९५३ सालीच वारले. घराण्याने ते १९६९ साली दोन लाख डॉलरांना विकले. म्हणजे छत्तीस वर्षांत दरसाल साडेसात टक्क्यांच्या आसपास वाढ. पोस्टातल्या ठेवीने लाजावे असे हे काही नव्हे. आणि हे तर जगातले एकमेव घड्याळ! त्याच्या मोडीकडे बोट दाखवून आपले घड्याळ घेणे म्हणजे लॉटरी लागलेल्या एकाचे नाव ऐकून सारे रान विकण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण आमच्या विदर्भाला जवळचे. १९३६ पासून सेवाग्रामला राहिलेल्या गांधीजींचे झेनिथ घड्याळ, चष्मा, चपला, वाटी आणि ताटली यांसह, मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात निघाले आणि त्या सर्वांना मिळून १८ लाख डॉलर आले. घड्याळ कोणत्या कारखान्याचे, यासाठी ते पैसे कोणी मोजले नाहीत. ज्या माणसाने आयुष्यातला क्षण न् क्षण हिशेबात खर्च केला, त्या माणसाच्या कमरेला ते होते म्हणून मोजले. घड्याळाला मोल मालकाने आणले. मालकाला घड्याळाने नव्हे.

बंगळूरच्या 'जनता'चेही शेवटी असेच झाले. २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने तो घड्याळ-उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला, आणि मग ज्यांच्या वडिलांच्या मनगटावर ते घड्याळ होते, अशी माणसे मूळ किमतीच्या अनेक पट पैसे देऊन ते शोधू लागली. त्यांनाही गुंतवणूक म्हणावे, तर १९७० साली दहा ग्रॅमला सुमारे १८४ रुपये असलेले सोने २०२५ साली लाखाच्या पलीकडे गेले आहे. त्या मापाने 'जनता' फार मागे राहिले. पण ते शोधणारा गुंतवणूक करीत नाही. तो वडिलांना शोधतो. त्याचा हिशेब करण्याची माझी छाती नाही, आणि इच्छाही नाही.

तेव्हा घड्याळ घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. ज्याच्या घरी सोन्याची, शिक्षणाची आणि आजारपणाची तजवीज झाली आहे, त्याने हौसेने घ्यावे. हौस म्हणूनच घ्यावे, आणि घेतल्या दिवशीच ते पैसे खर्ची टाकावेत. वाईट वाटते ते इतकेच, की ज्याच्या सातबाऱ्यावर बोजा आहे, तोही लेकीच्या लग्नात किंवा लेकाच्या हट्टापायी हप्त्यांवर घड्याळ घेतो आणि मनाची समजूत घालतो, की ही वस्तू पुढे कामी येईल. अडल्या वेळी ती कामी येत नाही. त्या वेळी कामी येते ती आईची पाटली, शिकलेला मुलगा, आणि बिनबोज्याचे शेत.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण पाटावर सोने मांडतो, नवी वही मांडतो. यंदा घड्याळ घेण्याचा विचार कोणाच्या घरी चालला असेल, तर त्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर तीन आकडे लिहून पाहावेत: आज किती द्यायचे, दरसाल किती घालायचे, आणि उद्या मोडीला किती येणार. तिसरा आकडा लिहिण्यापूर्वी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे. दुकानदारापेक्षा त्याचे उत्तर अधिक अचूक येईल.